शी आजीचं पिंप

लाकडं जरा आत सारा. धूर होतोय.

हे लुंग देचाईचं सांगतो. माझ्या मेव्हण्याचा चुलतभाऊ. तालुक्याच्या गावी सात सीटची गाडी चालवतो. त्याने मला स्वतः सांगितलं, गावाच्या ह्याच नगाऱ्याच्या मनोऱ्यात, शेकोटीपाशी ह्याच बाकावर बसून. प्यायलेला नव्हता. हसू नकोस, मेइह्वा. माझ्या गोष्टीतला माणूस कधीच प्यायलेला नसतो म्हणतेस, पण हा खरंच नव्हता.

गेल्या वर्षीचा नववा महिना, चंद्राची अठरावी रात्र. भात कापून झालं होतं.

ग्वांगझौची एक बाई आली होती, ल्वो मॅडम. गावोगाव फिरायचं, चुलीपाशी बसून तिथलं जेवायचं आणि त्यावर लिहायचं, हा तिचा उद्योग. हूनानच्या तिखटापासून निघाली ती आपल्या डोंगरापर्यंत. देचाई एकवीस दिवस तिला फिरवत होता. आज म्याओंच्या वस्तीत आंबट रस्सा, उद्या नदीकाठी तेलातला चहा. ती दोन घास चाखायची, उरलेलं यजमान देचाईच्या वाडग्यात ओतायचे. झोप चार तास. शेवटी बाईचे पाय सुजले, ती लॉजवर पडून राहिली. म्हणाली, "लुंगदादा, एकच राहिलंय. खूप जुना मुरवलेला मासा. तेवढा आणा, की मी घरी जाते."

देचाईलाही घरीच जायचं होतं.

दाइलो गावात शी आजीकडे बावीस वर्षांचं पिंप आहे, हे सगळ्यांना ठाऊक. माशाचा थर, चिकट भाताचा थर, मीठ, मिरची, वर झाकण आणि झाकणावर नदीतला दगड. आजीने ते स्वतःच्या मयतासाठी घातलं होतं. माती होईपर्यंत घरात मटण शिजायचं नाही, वाडग्यात यायचा तो हाच मासा. तो नसला तर आलेली माणसं कोरडा भात गिळून उठणार. मग त्या घराला नातवंडांपर्यंत टोमणे.

आजीचा मुलगा युंगशंग पिंप द्यायला तयार झाला. देचाईने विचारलं, "आईचं पिंप विकतोस होय रे?"

"आई बरी होतेय. कालच तिने मला पोटभर शिव्या दिल्या. वसंत लागला की नवीन मासे घालीन. ते मुरेपर्यंत तू नि मीच मरू, ती बसेल आपले मासे खात."

आजी आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. हे बरं नाही, हे देचाईला कळत होतं. पण माणूस फार दमला की कळलेलंही उचलायला जड जातं. दोघांनी पिंप गाडीत मागे ठेवलं. युंगशंगने त्याला जेवायला बसवलं. निघाला तेव्हा साडेआठ झाले होते.

घाट उतरल्यावर छपराचा पूल लागतो. तिथे त्याने गाडी थांबवली. नऊ वाजून दहा मिनिटं. डोळे मिटत होते. झऱ्यावर तोंड धुतलं आणि येऊन बसला, तर मागचं दार सरकलं. कुणीतरी आत बसलं. दार लागलं.

रात्रीचं कुणी ना कुणी बसतंच. त्याने मागे न बघता विचारलं, "कुठं जायचं?"



त्याने पहिला गिअर टाकला. गाडी ओढेना. पुढे उतार, तरी ओढेना. बारा माणसं भरल्यासारखी.

त्याने आरशात बघितलं.

निळा अंगरखा. पांढरे केस. हात पिंपावरच्या दगडावर.

"आजी...?"

"दमलास का रे?"

"दमलो, आजी."

"मी पण..."

खाली नदी वाजत होती. मग ती वाजेनाशी झाली.

"चल परत," ती म्हणाली. रागाने नाही. बाजारातून पाय ओढत आलेली बाई म्हणते, तसं.

त्याने गाडी वळवली. गाडी हलकी झाली. त्याने पुन्हा आरशात पाहिलं नाही. श्वास ऐकू येतो का, एवढंच ऐकत राहिला...

येत नव्हता.

गावाच्या तोंडाशी पोचला, तेव्हा कुणी गेल्याची वर्दी देणारे तीन बार उडाले. मागे वळून पाहिलं. नुसतं पिंप.

युंगशंग उंबऱ्यावर बसला होता. डोक्याला पांढरं फडकं. "नऊला गेली," तो म्हणाला. "तुझा फोन लागत नव्हता. आता लोकांना काय वाढू मी, देचाई? तिच्या शेवटच्या जेवणाला काय वाढू?"

देचाईने गाडीचं मागचं दार सरकवलं. पिंपाची एक बाजू धरली. दुसरी युंगशंगने धरली.

आत ठेवल्यावर युंगशंग म्हणाला, "थांब. नदीपलीकडून मामाकडचे आले की पिंप उघडायचं. उद्या दुपार होईल. तुझा वाटा घेऊन जा. मयताच्या जेवणाचा वाटा न घेता कुणी जातं का?"

"माझ्यात उभं राहायचं बळ नाही रे," देचाई म्हणाला आणि निघाला.

तालुक्याला पोचायला एक वाजला. लॉजसमोर गाडीतच झोपला. दारं आतून लावलेली.

सकाळी सहाला ल्वो मॅडमने काच वाजवली. त्याने दार उघडलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आरशाकडे बघत होती. आरशाला बांबूची सळी बांधलेली. मयताच्या जेवणाहून निघालेल्या पाहुण्याला आपण वाटा सळीत ओवून बांधून देतो, तशीच गाठ. सळीला माशाचे तीन तुकडे ओवलेले, लाल, मुरलेले. त्यांना भाताची शितं चिकटलेली.

"हाच का तो?" तिने हात पुढे केला. देचाईचा चेहरा बघून मागे घेतला.

त्याने युंगशंगला फोन लावला. "पिंप उघडलंत?"

"कसं उघडणार? मामा अजून पलीकडच्या काठावर आहेत. रात्रभर मी पिंपाशेजारीच बसलोय. दगडही हलला नाही."

देचाईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. सळीवरून सीटवर खारट पाण्याचा एक थेंब पडला.

मग दुसरा...