दोघं आत, एक बाहेर

तळ्याकाठच्या लपणात एकट्याने जाऊन काही उपयोग नसतो. लपण म्हणजे मातकट कापडाचा छोटा तंबू. आत फोटोग्राफर बसतो, बाहेर फक्त कॅमेऱ्याचं भिंग डोकावतं. पण पक्षी काही खुळे नसतात. माणूस आत शिरताना दिसला, की तो बाहेर पडेपर्यंत ते घरट्याकडे फिरकत नाहीत. म्हणून त्यांना शेंडी लावायची एक जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं, आणि एकाने बाहेर पडून पक्ष्यांच्या देखत निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. कुणीतरी गेलेलं दिसलं की त्यांच्या लेखी लपण रिकामं.

आमच्यात निघून जाणारी असायची माझी बायको.

"माझी पाठ तुमच्यापेक्षा त्या खंड्या पक्ष्याच्या जास्त ओळखीची झालीय," ती म्हणायची. मग गाडीच्या किल्ल्या मुद्दाम वाजवत बांधावरून चालू लागायची. वळणावरच्या दगडापाशी धाप लागून थांबायची, तोंडात लवंग टाकायची आणि झाडांमागे दिसेनाशी व्हायची. पुढचे कित्येक तास गाडीत बसून स्वेटर विणायची. माझ्याकडे धुक्यातले डोंगर आहेत, चतुराच्या पंखावरचं दव आहे, पाणी पिणाऱ्या सांबराच्या पापण्यासुद्धा आहेत. तिचे फोटो मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. माझं लक्ष भिंगात असायचं आणि ती त्याच्या बाहेरून चालत जायची.

गेल्या थंडीत ती छातीच्या दुखण्याने गेली.

घर खायला उठायचं. मुलगी परगावी, ती फोनवर सांगायची, "बाबा, एकटे रानात भटकू नका." पण खंड्याची वीण सुरू झाली तसा मी कॅमेरा घेऊन निघालोच. तळ्यावरच्या राखणदाराला आमची पद्धत ठाऊक होती.

"साहेब, मी येऊ का सोबत? नुसतं आत जाऊन बाहेरच यायचं ना?"

"नको," मी म्हणालो. जरा तुटकच म्हणालो. ते चालणं तिचं होतं. ते दुसऱ्या कुणाला द्यायला मला जमलं नसतं.

सकाळचं धुकं पाण्यावर रेंगाळत होतं. लपणाच्या कापडाला ओल्या मातीचा वास येत होता. आत घडीची दोन स्टुलं तशीच होती. मी पुढच्या स्टुलावर बसलो. समोर काठाच्या मातीत खंड्याचं बीळ होतं आणि आतून पिल्लांची अखंड किरकिर ऐकू येत होती. आज पक्षी ताटकळत ठेवणार, अशी मनाची तयारी होती.

पण खंड्या लगेच आला. चोचीत मासा घेऊन समोरच्या फांदीवर बसला, जरा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ बिळात शिरला. मग मादी आली. दिवसभर दोघांच्या फेऱ्या चालू होत्या, जणू लपणात कुणी नव्हतंच. चोचीच्या टोकावरचा थेंब आणि त्या थेंबात उलटं दिसणारं तळं मला अगदी जवळून मिळालं. पोरासारखा खूश होऊन मी घरी आलो.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोटो पाहायला बसलो. पहिले फोटो खंड्या फांदीवर बसल्याचे होते. पहिल्यात तो लपणाच्या दाराकडे पाहत होता. पुढच्यात मान किंचित वळलेली होती. त्याच्या पुढच्यात आणखी थोडी. तो बांधावरून जाणाऱ्या कुणाकडे तरी पाहत होता. मान सावकाश फिरत गेली आणि वळणापाशी थांबली. कितीतरी फोटोंमध्ये ती तिथेच थांबलेली होती... मग पुन्हा पुढे सरकली.

वळणावर दम खायला कोण थांबायचं, ते मला कुणी सांगायला नको होतं. भीती वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लपणात जाऊन बसलो. मागे वळून पाहायचं धाडस नव्हतं. थोड्या वेळाने ओल्या मातीच्या वासात लवंगेचा वास मिसळला. मागच्या स्टुलाचं कापड करकरलं. इतक्या जवळ होती, आणि आता उठून जाणार होती. आयुष्यभर तिने तेच केलं होतं आणि मी तिला कधी थांब म्हटलं नव्हतं.

"आज जाऊ नकोस..." मी समोर पाहतच पुटपुटलो. "बस ना इथेच."

स्टूल पुन्हा करकरलं नाही.

खंड्या मासा घेऊन आला आणि दूरच्या झाडावर बसला. लपणाकडे एकटक पाहत राहिला. शेवटी मासा स्वतःच गिळून उडून गेला. परत आला, पुन्हा तसंच. मादीही काठाला टेकेना. ऊन चढलं. बिळातली किरकिर आधी वाढली, मग खालावत गेली. घरट्यापुढे फोटो महत्त्वाचा नाही, हे मी शिकाऊ पोरांना पढवत आलो आहे. तेव्हा मीच उठलो, लपणातून बाहेर पडलो आणि मुद्दाम पाय वाजवत बांधावरून वळणापलीकडे गेलो. एका झाडाआडून पाहत उभा राहिलो.

दोन्ही पक्षी फांदीवर बसून होते. त्यांनी मला जाताना पाहिलं होतं. तरी ते बिळाकडे जाईनात, एरवीची युक्ती आज लागू पडेना. दोघांच्याही नजरा लपणावर खिळलेल्या होत्या, कापडाआड कोण आहे ते दिसत असल्यासारख्या.

मी परत आलो तेव्हा पिल्लांचा आवाज जेमतेम येत होता. आत शिरून खाली मान घालून बसलो. मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवत होता. तो गार होता.

"पिल्लं मरतील गं..." मी म्हणालो. पुढचं बोलायला फार जड गेलं. "जा तू. घरी जा. मी येतोच मागून."

स्टूल करकरलं. बाहेर दोन्ही खंड्यांच्या माना हळूहळू बांधाच्या दिशेने फिरू लागल्या. वळणापाशी थांबल्या, पुढे गेल्या. मग नर मासा घेऊन सरळ बिळात शिरला. आतून एकच गलका झाला. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही.

ऊन कलल्यावर घरी आलो. आमचं घर बैठं आहे, समोर गल्लीतून विजेची तार जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी रोज सकाळी चिमण्यांना दाणे टाकून निघतो आणि परतेपर्यंत त्या ते चट्टामट्टा करतात. आज दाणे टाकले तसेच पडलेले होते. चिमण्या तारेवर ओळीने बसल्या होत्या. चिवचिव नाही, पंख झाडणं नाही. सगळ्या खिडकीतून आत पाहत होत्या.

मी दारापाशी गेलो, किल्ली काढली आणि मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. सावकाश, माणसाच्या चालीने, स्वयंपाकघराच्या खिडकीकडून बाहेरच्या खोलीच्या खिडकीकडे फिरल्या. तिथे क्षणभर थांबल्या, दम खायला थांबावं तशा. मग दाराकडे वळल्या आणि तिथेच स्थिरावल्या.

मी किल्ली खिशात ठेवली आणि आपल्याच बंद घराची बेल दाबली.

बेलच्या आवाजाने एकही चिमणी उडाली नाही. त्या उडाल्या थोड्या वेळाने, दाराचं कुलूप आतून फिरलं तेव्हा, सगळ्या एकदम.