चेहऱ्याला काहीच लावू नका

माझी द्राक्षं कोणी ओल्या रुमालाने पुसली तर मी गप्प बसावं का, तुम्हीच सांगा.

गंगापूर रोडच्या रविवारच्या शेतकरी बाजारात आमचं टेबल असतं. त्या दिवशी मी गाडीतून क्रेट आणायला गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलाला म्हटलं, जरा लक्ष ठेवा. परत येऊन बघते तर महाशय एकेक घड चकचकीत करत बसलेले. खूप धूळ होती म्हणाला. वर अशी मुद्रा, की आता मी आभारच मानणार.

"धूळ? अहो, ती पांढरी झाक द्राक्षाची स्वतःची असते," मी म्हटलं. "आमच्या दिंडोरीत घड देठाला धरून उचलतात, मण्याला बोट लागू देत नाहीत. झाक गेली की माल शिळा दिसतो, टिकतही नाही. आणि तुम्ही सगळ्यांना आंघोळ घातलीत?"

भांडता भांडता माझा स्कार्फ सुटला. नाशिकमध्ये स्कूटरवरच्या मुली चेहरा बांधतातच, पण मी टेबलामागे बसूनही तो सोडत नसे. आत सगळा आनंदच होता... लाल गाल, सोललेलं नाक, कपाळभर पुरळ. सकाळी स्क्रब, दुपारी कडक फेसवॉश, संध्याकाळी लिंबू-सोडा. बागेच्या फवारणीचं असतं तसं वेळापत्रकच लावलं होतं मी चेहऱ्याला.

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "द्राक्षाची झाक एवढी जपता... आणि स्वतःची?"

असा राग आला म्हणून सांगू. पण त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, त्यामुळे भांडण तिथेच अडलं.

रुद्र त्याचं नाव. मायक्रोबायॉलॉजी शिकलेला, सिन्नरला एका छोट्या शेडमध्ये बहिणीबरोबर सौम्य फेसवॉश बनवणारा. त्याने सांगितलं, आपल्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात आणि त्यातले बरेचसे आपल्याच बाजूचे असतात. त्यांना रोज घासून हाकललं की त्वचेची राखण कोण करणार? मला पटायला वेळ लागला नाही. जास्त औषध मारलं की मातीतली गांडुळं जातात, हे आमचे अण्णा रोज ऐकवतात.

मी लगेच बाटली मागितली, तर पठ्ठ्या देईना. आधी काही दिवस नुसतं पाणी, म्हणाला. मग हा फेसवॉश, अगदी हलक्या हाताने, आणि वर साधं मॉइश्चरायझर. नाहीच थांबलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी चेहऱ्याला काहीच लावू नका.

"असा धंदा केलात तर उपाशी राहाल," मी म्हटलं.

"शेजारी द्राक्षं आहेत की," तो म्हणाला, आणि मी उगाचच तराजू पुसायला घेतला.

पुढे बाटली मिळाली, आणि मग दर रविवारी तो माझा चेहरा बघायचा. कामापुरता, असं तोच म्हणे... समोर मेथी घेऊन बसणाऱ्या सुलाबाईंना मात्र ते पटत नसे. "पोरी, ह्यो लय येळ तपासतो हां," त्या म्हणत, आणि माझे बरे होत आलेले गाल पुन्हा लाल होत.

एकदा एका बाईंनी त्याला विचारलं, याने गोरं होतं का? तो म्हणाला, नाही, तुमचा रंग छान आहे, तो तसाच राहील. बाई काही न घेता निघून गेल्या. मी मात्र त्या क्षणी पुरती गेले कामातून. इतकं खरं बोलून वर हसणारा मुलगा मी पाहिलाच नव्हता.

एप्रिल आला. बाग खाली झाली. चेहराही नितळ झाला, आई खूश, आणि मला मेलीला रडू यायला लागलं. द्राक्षं नाहीत म्हणजे टेबल नाही. पुरळ नाही म्हणजे रुद्रकडे जायला कारण नाही. शनिवारी मी लिंबू कापलं, सोडा घेतला आणि गाल खसाखसा चोळले.

रविवारी रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर उभी राहिले. मला वाटलं होतं, तो जवळ येईल, काळजीने बघेल. त्याचा चेहराच उतरला. "कधीपासून?" एवढंच विचारलं त्याने, आणि टेबलावरच्या बाटल्या खोक्यात भरायला लागला. समोर दोन मुली बाटली घ्यायला थांबल्या होत्या. त्यांना म्हणाला, माफ करा, आज विकत नाही, माझं काहीतरी चुकलंय.

त्याच्या सगळ्या मेहनतीवर मी लिंबू पिळलं होतं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्या बाटलीत काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मी... मीच लिंबू-सोडा चोळला. मुद्दाम."

तो थांबला. "का?"

"चेहरा बरा झाला होता. द्राक्षंही संपली. मग मी इथे यायचं कशाला, सांगा ना... मला तर यायचं होतं. तुम्ही आवडता मला."

बोलून गेले आणि पळावंसं वाटलं. त्याने खोक्यातली एक बाटली काढून टेबलावर ठेवली. मग दुसरी. त्या मुलींकडे बघून मान हलवली, घ्या म्हणून. माझ्याकडे मात्र बघेचना. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

"वेडी आहेस," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं. "मी पुढच्या रविवारी दिंडोरीला येणार होतो. तुमच्या घरी. द्राक्षं घ्यायला."

"पण द्राक्षं तर संपलीत."

"माहितीये," तो म्हणाला.