बॅटरी कुठे?

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण भार्गवी माझी आतेबहीण आहे, आणि थापा मारणं तिला जमतच नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. बंगळुरूत यशवंतपूरच्या मागच्या गल्लीतली एक शेड. रात्र नव्हती... दुपारचे साडेतीन.

भार्गवी कॉलेजच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन. चार दिवसांवर मोठी स्पर्धा. रोबोटचा पंजा ऐनवेळी अडकला म्हणून आदल्या वर्षी ते हरले होते. यंदा हरलात तर टीम बंद, असं प्रिन्सिपॉलनी तोंडावर सांगितलं होतं.

सकाळी शेडचे मालक रघुपती अण्णांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. रोबोटलाही झेंडूची माळ घातली. मग मेन स्विच बंद केला.

"आज यंत्राला हात लावायचा नाही अक्का. स्वल्प निजू दे त्याला."

"अण्णा, स्पर्धा थांबणार आहे का माझ्यासाठी?"

अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

भार्गवीनं माळ काढली.

टीमचा एक नियम होता. पंजात हात घालण्याआधी ओरडायचं, "बॅटरी कुठे?" जोडीदारानं बॅटरी काढून हातात धरायची आणि ओरडायचं, "बाहेर!" त्याशिवाय हात घालायचा नाही.

जोडीला फक्त प्रणीत होता. भार्गवी रोबोटखाली पाठीवर सरकली. तिथून तिला पंजाशिवाय काही दिसत नव्हतं. सुट्टीमुळे सगळी गल्ली चिडीचूप.

"बॅटरी कुठे?"

उत्तर नाही...

"अरे प्रणीत, बॅटरी कुठे?"

"ओळगिदे..."

कानडीत. आत आहे.

आवाज म्हाताऱ्याचा होता. अगदी कानाशी.

तिनं झटकन हात मागे घेतला.

खाड्!

पंजा मिटला. तिचं मनगट असतं, बरोबर तिथे.

ती धडपडत बाहेर आली. शेडमध्ये कुणीच नव्हतं. कोपऱ्यात अण्णांचा पत्रा कापायचा जुना प्रेस, ताडपत्रीखाली झाकलेला.

तेवढ्यात दारातून प्रणीत आत आला. "सॉरी गं, आईचा फोन होता."

त्याच्या हातात... बॅटरी.

सगळं ऐकून तो पांढराफटक पडला. "चल, घरी जाऊ."

भार्गवीचं डोकं फिरलं होतं. ती कोपऱ्याकडे बघून ओरडली, "सांगितलंत, उपकार झाले! पण काम झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

आणि ती परत रोबोटखाली शिरली.

"बॅटरी कुठे?"

"बाहेर!" प्रणीत म्हणाला.

ती थांबून राहिली...

"होरगिदे." बाहेर आहे.

मग तिनं हात घातला.

संध्याकाळी सगळं ऐकून अण्णांनी विचारलं, "उजवा हात घालत होतीस?" ती हो म्हणाली. अण्णा प्रेसकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याच प्रेसमध्ये आमच्या म्हाताऱ्या कामगाराचा उजवाच हात गेला होता."

स्पर्धेत पंजा अडकला नाही. दुसरा नंबर आला. टीम वाचली.

गेल्या आठवड्यात टीमनं शेड सोडली. आता बसवनगुडीत नवी जागा आहे. पहिल्याच दिवशी भार्गवीनं विचारलं, "बॅटरी कुठे?"

"बाहेर!" प्रणीतनं बॅटरी उंच धरून दाखवली.

आणि मागोमाग...

"ओळगिदे."

चार दिवस झाले. पंजा उघडाच आहे, काम तसंच पडलंय. मी तिला म्हटलं, सोड हा नाद.

"का सोडू?" ती उसळून म्हणाली. "तो रोज नाही म्हणेल, मी रोज विचारीन."

आज सकाळीही तिनं विचारलं.

आज दोन म्हाताऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "ओळगिदे."