ढोलकीवरची कवायत

मी खरं तर भांडायलाच गेले होते.

बहात्तर सालचा जानेवारी होता. भिंगारच्या एका मुलींच्या शाळेत मी कवायतीची बाई म्हणून लागले होते, तीही तात्पुरती. रोज सकाळी सात वाजता साठ मुली मैदानात उभ्या करून मी "एक-दोन-तीन-चार" ओरडायचे आणि मुली जांभया देत हात वर-खाली करायच्या. त्या दिवशी मात्र हात झोकात उचलले जाऊ लागले. पहिल्या रांगेतली कडूबाई तर चक्क हसत होती! मी खूश झाले... आणि मग लक्षात आलं, मुली माझ्या आकड्यांवर हलतच नव्हत्या. शेजारच्या चर्चच्या भिंतीपलीकडे कुणीतरी ढोलकी वाजवत होतं.

पदर खोचून मी तडक पलीकडे गेले. चिंचेखाली एक तरुण मांडीवर ढोलकी घेऊन बसला होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, डोळे मिटलेले.

"अहो, ही आमच्या कवायतीची वेळ आहे!"

त्याने डोळे उघडले. हात थांबवले नाहीत, फक्त हळू केले. "मग करा की कवायत. मी कुठं आडवा आलोय?"

"माझ्या मुली तुमच्या ढोलकीवर हात हलवतायत!"

"बरंच हाय की. रोज ऐकतो मी, बाई. तुमी मोजता, त्या ऐकत्यात, पन अंग जागं व्हत न्हाई. नुसत्या आकड्यांनी कुनाचं अंग हललंय व्हय?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो खरं बोलत होता, आणि बोलताना हसत होता. दुसऱ्या दिवशी कडूबाईकडून त्याचं नाव विचारून मीच भिंतीवरून हाक मारली, "याकोब... ती ढोलकी घेऊन इकडे या ना जरा."

याकोब मिलिटरीच्या वर्कशॉपात सुतार होता. त्याची पाळी नऊला सुरू व्हायची. इथल्या चर्चमध्ये कीर्तन होई, त्यात तो ढोलकी वाजवी. मीही ख्रिस्तीच, पण नगरला आत्याकडे राहायचे. आत्याच्या चर्चमध्ये सगळं शांत, ऑर्गनवर. कीर्तनाशी माझा काही संबंध आला नव्हता.

मार्चमध्ये शिक्षणाधिकारी शाळा बघायला येणार होते. कवायत पसंत पडली तर मी कायम, नाहीतर परत पुणतांब्याला, बाबांकडे. तिथे काकांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठं. मला परत जायचं नव्हतं. मला हे मैदान हवं होतं, या मुली हव्या होत्या, आणि आता... आता सकाळचे सात हवे होते.

मुख्याध्यापिका पुष्पावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "ढोलकी? ही शाळा आहे का तमाशाचा फड?"

"चर्चमध्ये वाजते हो, कीर्तनात."

"वाजू दे. पण पाहुण्यांपुढे फडाचा ठेका कानावर आला, तर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ नका. आणि ती गळ्यातली शिट्टीही त्या दिवशी नको. बाईमाणसाने चारचौघांत शिट्टी फुंकणं बरं दिसत नाही."

सराव सुरू झाला. याकोब आधी मुलींचा श्वास बघायचा, मग ठेका धरायचा. वाकताना संथ, उडी मारताना ठसक्यात. ज्या मुली दहा मिनिटांत दमायच्या, त्या अर्धा तास थकेनात. एकदा तो मला म्हणाला, "बाई, जरा चालून दावा."

"मी? कशाला?"

"तुमची चाल धरतो. पोरींना तीच सोपी जाईल."

मी चालले. कान गरम झाले होते.

"तुमी तर पळताय!"

"लोक बघतायत..."

"लोक कुठं हायेत? मीच बघतोय."

मी मुलींना उगाचच रांग सरळ करायला लावली.

तो दिवस उजाडला. याकोबने वर्कशॉपातून रजा घेतली होती. साहेब खुर्चीत, शेजारी पुष्पावतीबाई. साठ मुली एका अंगाच्या झाल्यासारख्या वाकत होत्या, वळत होत्या. शेवट आला. सरावात मी शिट्टी वाजवून थांबवायचे. शिट्टी नव्हती, म्हणून मी हात वर केला.

ढोलकीची लय दुप्पट झाली.

मी घाबरून हात आणखी उंच केला. ढोलकी आणखी तापली! कडूबाईने "हो!" अशी आरोळी ठोकली आणि साठ मुली त्या लयीवर अशा सुटल्या की मैदानात धूळ उठली. मी दोन्ही हात वर केले. याकोबने डोळे मिटून मान डोलावली आणि असा ठेका धरला की फडातल्या ढोलकीवाल्यानेही वळून पाहावं. शेवटी मी धावत जाऊन ढोलकीवरच हात ठेवला, तेव्हा थांबला.

"अवो, हात तुमीच वर केला की!" तो धापा टाकत म्हणाला. "कीर्तनात बुवांनी हात वर केला, की वाढवायचं असतं..."

"आमच्यात थांबायचं असतं!" मला रडू फुटलं. गेली नोकरी. दिसलं ते चौदा वर्षांनी मोठं स्थळ.

ऑफिसात बोलावणं आलं. याकोब माझ्याआधीच आत शिरला. "चूक माजी हाय. बाईंना बोलू नका."

साहेब चहा पीत होते. पुष्पावतीबाईंनी याकोबला हातानेच बाजूला केलं.

"फडाचाच ठेका होता तो," त्या म्हणाल्या. "पण एकोणीस वर्षांत या मैदानावर मी एवढ्या जोरात खेळणाऱ्या मुली पाहिल्या नाहीत. एकीचंही पाऊल चुकलं नाही. साहेब तुम्हाला कायम करा म्हणतायत, कृपाबाई. माझी हरकत नाही." मग त्या याकोबकडे वळल्या. "पण तुम्ही उद्यापासून येऊ नका. तरुण बाई, परका तरुण माणूस, रोज सकाळी... पालक विचारायला लागलेत. बाईंच्या घरचंच माणूस असतं, तर गोष्ट वेगळी."

बाहेर आलो. भिंगारचा बाजार भरात होता. याकोब ढोलकी काखेत धरून चालत होता. मीच थांबले.

"रविवारी बाबा येतायत. नोकरी संपली असं धरून, मला परत न्यायला."

"पन तुमी तर कायम झालात."

"ते त्यांना सांगायचंय. आणि आणखीही एक... तुम्ही एसटी स्टँडवर याल?"

"येऊन काय सांगू?"

"खरं ते सांगा. माझ्याशी पहिल्या दिवशी बोललात तसं."

तो लाल झाला. "खरं म्हनजे... तुमची लेक मला लई आवडती, असं सांगू? आनि त्यांनी इचारलं, लेकीचं काय, तर?"

भर दुपार होती. कांद्याच्या ढिगाशी बसलेली बाई बघत होती, सायकलवाला बघत होता, आमच्या शाळेच्या दोन मुली तर डोळे फाडून बघत होत्या. मी याकोबचा हात धरला.

"सांगा, तिने सगळ्या बाजारादेखत हात धरलाय. आता तिला विचारायचं काही राहिलेलं नाही."