तीन वाजता येणारा रोग

"काका, थांबा! हात लावू नका त्याला!"

नायदा धापा टाकत परसात शिरली, पण तोवर उबाल्दोकाकांनी झाड मुळासकट उपटून हातात धरलं होतं. काल संध्याकाळपर्यंत ते बटाट्याचं झाड जांभळ्या फुलांनी डवरलेलं होतं. आज त्याची पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबत होती.

"सहावं झाड!" काका म्हणाले. "करपा आहे हा, करपा! पसरला तर अख्ख्या गावाची शेतं जातील. उद्या सकाळी सिप्रियानो ताइतांना आणतो. त्यांनी हो म्हटलं की सगळी उपटून जाळायची."

"पण उरलेली पाच चांगली आहेत!"

"आज आहेत," असं म्हणून काका भिंतीपलीकडच्या त्यांच्या घरी निघूनही गेले. यंदा कार्निव्हलच्या गावजेवणाचे यजमान तेच होते, त्यामुळे आठवडाभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

सिप्रियानो ताइता म्हणजे गावाने नेमलेले पिकांचे राखणदार; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना 'ताइता' म्हणत. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे काही साधे बटाटे नव्हते. 'सुनेला रडवणारे' म्हणत त्यांना! इतके गाठीगाठींचे, की नव्या नवरीला सोलायला दिले तर ती रडकुंडीलाच यायची. नायदाच्या आईने मात्र ते न रडता सोलले होते, आणि त्यांचंच बियाणं माहेराहून ओच्यात बांधून आणलं होतं. गावात ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आईबाबा कुस्को शहरात बांधकामावर गेले तेव्हा आई म्हणाली होती, "तुला काका-काकू बघतील. बटाट्यांना तू बघ." आणि आता अकरांतली पाचच उरली होती!

"थंडीने जळली असतील," पर्सी म्हणाला. पर्सी म्हणजे उबाल्दोकाकांचा मुलगा.

"थंडी काय झाडं निवडून जाळते होय रे?"

"अकरा वाजून वीस मिनिटं झाली," शेजारच्या रोसेंडाने सांगितलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. पण नवं घड्याळ मिळाल्यापासून ती गावभर वेळ वाटत सुटली होती.

"वेळ राहू दे, डोळे वापर!" नायदा खेकसली. तिला एका जागी उभं राहवेना. ती गुडघ्यांवर बसून वाफ्यात रांगू लागली. "हे बघा, मेलेली सहाही भिंतीलगतची! आणि करप्याचे काळे डाग कुठे आहेत? एक तरी दाखवा!"

तिने चिमूटभर माती बोटांत चोळली. "बुळबुळीत लागतेय. साबणासारखी."

रोसेंडाने एका देठावरून काहीतरी पातळ, पारदर्शक उचललं. "शी! कोणाचं तरी नख!"

"नख नाही, मक्याचं साल आहे," पर्सी म्हणाला, आणि त्याचा चेहराच उतरला.

गावजेवणासाठी त्याच्याच घरी सहा दिवस मका सोलणं चाललं होतं. राखेच्या पाण्यात मका उकळायचा, चोळून सालं काढायची आणि रोज दुपारी तीनच्या सुमारास ते जळजळीत पाणी फेकून द्यायचं.

"सहा दिवस, सहा झाडं!" नायदा म्हणाली.

"पण ते पाणी खाली घळीत ओततात! आईने बजावलंय."

"कोणाला बजावलंय?"

पर्सीने भिंतीपलीकडे, स्वतःच्या घराकडे पाहिलं.

दुपारी तिघंही सरपणाच्या ढिगाआड दबा धरून बसली. नायदाची नुसती चुळबुळ चालली होती. रोसेंडा कुजबुजली, "तीन!" आणि भिंतीवर लाल बादली दिसली. सळ्ळकन पाणी वाफ्यात पडलं. पलीकडून कोणीतरी मजेत शीळ घालत निघून गेलं.

पर्सीचे कान लाल झाले. "बाबा!"

"आणि वर म्हणे करपा!" रोसेंडा उसळली. "चला, आत्ताच जाऊन सांगू!"

"कबूल करतील? ते स्वतःच्या घोरण्याचा आळ कुत्र्यावर घालतात!" पर्सीने मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "ताइतांनाच डोळ्यांनी बघू दे."

तिघंही धावत ताइतांच्या घरी पोचली. "ताइता, उद्या सकाळी नका येऊ. दुपारी तीनला या, आणि आमच्या दारानेच या," नायदा म्हणाली. "आमचा रोग तीन वाजता येतो."

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "वेळ पाळणारा रोग?"

"गावच्या बसपेक्षा चांगली पाळतो!" रोसेंडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाचही झाडांवर निळं प्लास्टिक ताणून मुलं ताइतांबरोबर वाट बघत बसली. तीन वाजले, काही नाही. तीन वाजून सात मिनिटं, तरी काही नाही! नायदाची नजर भिंतीवरून हलेना. आजच काका घळीपर्यंत गेले तर?

"तुमचा रोग सुट्टीवर दिसतोय," ताइता उठले. "बघू तरी मेलेली झाडं." ते भिंतीपाशी जाऊन वाकले, आणि...

सळ्ळकन!

"उबाल्दो!!"

भिंतीवर काकांचं डोकं आलं. "ताइता? तुम्ही... इथे?"

"रोग बघायला आलोय!" ताइतांच्या दाढीतून कोमट पाणी आणि मक्याची सालं ओघळत होती. "दिसला!"

"पण राख तर बटाट्याला चांगली असते ना..."

"चिमूटभर मीठ चांगलं म्हणून पोतंभर खाल का?" मागून काकूंचा आवाज कडाडला. "रोज सांगते, घळीत ओता म्हणून!"

"घळ लांब आहे गं," काका पुटपुटले.

ताइतांनी प्लास्टिक दूर करून एकेक पान उलटून पाहिलं. "एकही डाग नाही. काही उपटायचं नाही! तुम्ही तिघं नसता तर आज मी चांगली झाडं जाळली असती." मग त्यांनी पर्सीच्या खांद्यावर हात ठेवला. "बापाविरुद्ध उभं राहणं सोपं नसतं, पोरा."

"मी विरुद्ध नव्हतो," पर्सी हळूच म्हणाला. "मी बटाट्यांच्या बाजूने होतो."

ताइतांनी भिजलेली टोपी काढली आणि ते नायदापुढे उभे राहिले. सारा गाव बियाणं मागायला त्यांच्या दारी जायचा. त्यांनी कोणाकडे मागितल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"नायदा, हे बियाणं माझ्याकडे नाही. काढणी झाली की मला दोन बटाटे देशील?"

इतके दिवस अडवून धरलेलं रडू आता नायदाला आवरेना. बाहीने नाक पुसत ती म्हणाली, "चार देईन. दोन तुमच्या परसात लावा, दोन वरच्या शेतात. एकाच ठिकाणी ठेवायची आता भीती वाटते मला."

"चाळीस वर्षं राखण करतोय मी," ताइता म्हणाले. "मलाही रोज वाटते."