शेवटच्या रांगेवरची सावली

भुतं रात्री येतात म्हणे. हे भर दुपारी घडलं, माझ्या डोळ्यांदेखत. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला आता काही फरक पडत नाही.

गच्चीवरचे सोलर किती वीज बनवतात, त्यातली लाईनला किती जाते, हे तपासणं माझं काम. त्या दिवशी एका कारखान्याची गच्ची होती. तिथले पॅनल माझ्या दाजींनी बसवले होते. काम संपता संपता, शेवटच्या रांगेजवळच्या कडेवरून पडून ते गेले.

तेव्हापासून ती रांग कमी वीज देत होती.

"कामच कच्चं होतं हो त्यांचं," माझ्यासोबत गच्चीवर आलेला कारखान्याचा मॅनेजर म्हणाला.

ताईला हेच सलत होतं. मी निघताना म्हणाली, "माणूस तर गेला. निदान ह्यांचं नाव तरी राहू दे."

मी सगळं तपासलं. जोडण्या पक्क्या. काचा लख्ख. इन्व्हर्टर ठणठणीत. आभाळात ढग औषधालाही नाही.

तरी शेवटची रांग... अर्धीच.

माझीच सावली पडत असेल म्हणून सरकलो. नवा असताना ही चूक मी हमखास करायचो. मीटर बघायच्या नादात पॅनलच्या उन्हात उभा. एका पॅनलवर सावली पडली, की अख्खी रांग मंदावते. दाजी ओरडायचे, "बाजूला हो की! सूर्याचा जावई आहेस का?"

आकडा हलला नाही.

खालच्या मशिनींचा आवाज ऐकू येईना...

काचांना हात लावला. सगळ्या तापलेल्या.

एकच... गार.

का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "दाजी, जरा बाजूला व्हा. सावली पडतेय."

आकडा चढला. रांग पूर्ण वीज देऊ लागली.

आणि खाली... धप्पकन काहीतरी पडलं.

मॅनेजर कडेशी धावला. वाकून बघितलं.

"काहीच नाही हो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, काम उत्तम. ते खरंच होतं.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली,

"बाजूला म्हणजे... कुठे रे?"

त्या रांगेच्या पलीकडे गच्ची संपते.

आता कामावर जातो. जेवतो. झोपतो. वाटेत कुणी आडवं उभं असलं, तर ते आपणहून सरकेपर्यंत थांबून राहतो.