मावशींचा बिल्ला

मावशींचा बिल्ला गटारात पडला आणि माझी त्याची ओळख झाली.

मावशी म्हणजे माझी कुत्री. पण तिला नुसतं कुत्री म्हणायची आमच्या घरात कोणाची हिंमत नाही. मला अधूनमधून फिट येते, आणि ती येणार हे मावशींना माझ्याआधी कळतं. त्या पायांत आडव्या येतात, मला खाली बसवतात आणि मी शुद्धीवर येईपर्यंत भुंकून भुंकून माणसं गोळा करतात. अंगावर निळं जाकीट, त्यावर मोठ्या अक्षरांत – 'घाबरू नका. बिल्ल्यावरच्या नंबरवर फोन करा.' एवढा अधिकार गाजवणारीला दादाने पहिल्याच आठवड्यात 'मावशी' म्हणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आम्ही सगळे तिला अहोजाहो करतो.

त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. बिल्ल्याची कडी झिजून तुटली, बिल्ला टुणकन उडाला आणि जाळीतून थेट गटारात. मी छत्री टाकून जाळीवर ओणवी झाले. समोरच्या दुकानातून एकजण धावत बाहेर आला. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, केसांत धातूचा भुगा आणि हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक.

"सरका. आत्ता काढतो."

एक खिळा निघाला. मग बाटलीचं झाकण. मग केसांची पिन. तो भिजत होता, मी भिजत होते, मावशी आळीपाळीने आमच्याकडे बघत होत्या.

"किती मोठा होता?"

"एवढासा. पितळेचा."

त्याचा हात थांबला. "पितळेचा?... पितळ चुंबकाला चिकटत नाही हो!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचंच दुकान आहे ना, बिल्ल्यांचं?"

वर पाटी होतीच – दारावरच्या पाट्या, पदके, बिल्ले. तो कानांपर्यंत लाल झाला. मावशींनी पुढे होऊन त्याचा हात चाटला. एरवी परक्या माणसाला त्या अजिबात भाव देत नाहीत.

आत काउंटरवर त्याने निळ्या कापडावर बिल्ले मांडले. गोल, चौकोनी, हाडाच्या आकाराचे. एक बदामही होता.

"हा?" त्याने बदाम पुढे सरकवला.

"मावशींना बदाम? वयाचा तरी मान ठेवा."

"मग कोणाला शोभेल?" असं म्हणून तो लगेच खाली बघून कापड सारखं करू लागला. मी मावशींचा पट्टा सारखा करू लागले. तो सारखाच होता.

ॲल्युमिनियम हलकं, पण अक्षरं लवकर पुसतात. स्टील टिकाऊ, पण खणखणतं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिथे खणखण झाली की पेशंट आणखी घाबरतात. शेवटी रबराची कड असलेला गोल स्टीलचा ठरला.

"नंबर सांगा."

इथे माझं घोडं अडलं. जुन्या बिल्ल्यावर दादाचा नंबर होता. आई-बाबा गेल्यापासून फोन आला की दादा धावत यायचा – ऑफिसातून, सिनेमातून, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून, अर्ध्याच कापलेल्या केसांनी. आता त्याला दुसऱ्या शहरात मनासारखी नोकरी मिळाली होती, आणि हा पठ्ठ्या हो म्हणत नव्हता. वहिनीनेच मला कारण सांगितलं होतं. "त्यांचं एकच पालुपद – इथे तिचा फोन कोण उचलणार?" पुन्हा त्याचाच नंबर कोरायचा म्हणजे त्याच्या पायात बेडी घालायची. दुसरा नंबर कोणाचा देऊ? आमच्या डॉक्टरांचे दोन्ही हात दिवसभर लोकांच्या तोंडात असतात.

मी घाईघाईने माझाच नंबर सांगितला.

यंत्र घरघरलं. बिल्ला पुसून त्याने दुकानाच्या फोनवरून तोच नंबर फिरवला. कोरलेला प्रत्येक नंबर तो असा तपासून देतो म्हणे. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. त्याने पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे बेशुद्ध तुम्हीच पडणार... आणि फोनही तुम्हीच उचलणार?"

मी हसायला गेले आणि डोळेच भरून आले. त्याने काही विचारलं नाही, काही समजावलंही नाही. तो बिल्ला खणात टाकला आणि काचेमागचा नमुन्याचा एक काढला. त्यावर दुकानाचा नंबर होता. खाली वाकून त्याने तो मावशींच्या पट्ट्यात अडकवला.

"तुमचं ठरेपर्यंत हा राहू दे," तो म्हणाला. "ठरवायची घाई नाही."

घाई मी मुळीच केली नाही. कधी आकार पुन्हा बघायला, कधी कडी घट्ट करायला, कधी उगीचच... मी जात राहिले. चष्मा काढला की त्याच्या डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल उमटलेले असत, बाकी चेहरा भुग्याने राखाडी. वहिनीने त्याचं नाव 'चुंबकवाले' ठेवलं. मी बाहेर पडताना ती मुद्दाम विचारायची, "आज काय पडलं गटारात?"

त्याचा एकच दोष होता. फोन म्हणून उचलायचा नाही.

"यंत्र सुरू असलं की ऐकूच येत नाही," तो म्हणायचा.

"तुम्ही आमच्या दवाखान्यात असतात ना, तर पहिल्याच दिवशी नारळ मिळाला असता."

"मग बरंय, तुम्ही इथे येता ते..."

आणि मग एका दुपारी, बसथांब्याजवळ, मावशी माझ्या पायांत आडव्या आल्या. मी फुटपाथवर बसले. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली त्याचा एप्रन होता, तेलाच्या वासाचा. जवळ एक फळवाल्या बाई उभ्या होत्या. फोन त्यांनी केला होता. तो माझ्या शेजारी फुटपाथवरच बसला होता, चष्मा कपाळावर. पाणी पाजायची घाई नाही, गाल थोपटणं नाही, 'काय झालं, काय झालं' नाही. हळू आवाजात म्हणाला, "सावकाश उठा. मावशी आहेत. मी आहे." मला इतकं निवांत वाटलं, की गर्दीचीही लाज वाटली नाही.

चार दिवसांनी आभार मानायला गेले, तर तो नजर देईना.

"आभार नकोत," तो म्हणाला. "त्या बाईंनी तीनदा फोन केला होता. पहिले दोन मला ऐकूच आले नाहीत. तुम्ही रस्त्यावर पडून होतात आणि मी इथे कुठल्याशा स्पर्धेची पदकं कोरत होतो. माझा नंबर... नका ठेवू."

घरी दादाला हे कळलं, आणि त्याने एवढंच म्हटलं, "संपला विषय. मी त्या नोकरीवाल्यांना नाही म्हणून कळवतो." वहिनी आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली.

मला दादाची हात जोडून विनवणी करावी लागली. दोन दिवस थांब, फक्त दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी मी दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहिले. काचेतून तो दिसत होता, यंत्रावर वाकलेला. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, पण पाऊल उचलेना. दारात जाऊन बोलण्यापेक्षा फोन बरा, म्हणून मी नंबर लावला.

यंत्राच्या वर, अगदी त्याच्या नाकासमोर, एक लाल दिवा भक्कन पेटला. तो दिवा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याने झटक्यात यंत्र बंद केलं, फोन उचलला, पडद्यावर माझं नाव पाहिलं असणार... आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता तो फोन कानाला लावून दाराबाहेर धावला. थेट माझ्या अंगावर.

"कुठे आहात? काय झालं?"

"इथेच आहे. मला काही झालेलं नाही."

तो धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला. "मग... फोन?"

"तो दिवा कधी लावलात?"

"त्याच संध्याकाळी. फोन वाजला की पेटतो." त्याने मान खाली घातली. "पुन्हा कधी तुमचा फोन आलाच, तर... निदान दिसावा."

"मग नंबर ठेवू नका का म्हणालात?"

"तुम्ही आभारापोटी ठेवाल म्हणून." तो आता सरळ माझ्याकडे बघत होता. "माझ्यासाठी तो नुसता नंबर राहिलेला नाही. मला तुम्ही आवडता. आणि उपकार फेडायचे म्हणून कोणी हो म्हणावं... ते मला नको आहे."

माझं पाठ केलेलं सगळं उडून गेलं. राहिलं ते बोलले.

"आभार तर आहेतच. तुमचे आहेत, त्या फळवाल्या बाईंचे आहेत, दादाचे तर जन्मभराचे आहेत. मावशींचे रोजच मानते. पण त्यांच्यापैकी कोणाकडे जाताना मी तीनदा कपडे बदलत नाही!"

तो हसला, आणि त्याने माझा हात हातात घेतला. भुग्याने खरखरीत झालेला, ऊबदार हात. मावशी आम्हा दोघांच्या मधोमध बसल्या.

आत जाऊन त्याने रबराच्या कडेचा गोल बिल्ला यंत्राला लावला आणि स्वतःचा नंबर कोरायला घेतला. पहिला बिघडला. दुसराही. मी म्हटलं, "सावकाश. मी आहे."

तिसरा जमला. मी तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, सामान बांधायला घे."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज, आणि वहिनीचा घाबरा स्वर. "अगं, काय सांगितलंस ह्यांना? हे रडतायत!"

"काही नाही, वहिनी," मी डोळे पुसत म्हटलं. "आता दादाने निर्धास्त जावं, एवढंच सांगितलं."